ऑफरच्या कागदाची मागची बाजू

दसरा आठ-दहा दिवसांवर आला की पेपर जाड होतो. बातम्या वाढतात म्हणून नव्हे, आतले कागद वाढतात म्हणून! मुदखेडला पेपर उघडून जरा झटकला की त्यातून तीन-चार गुळगुळीत रंगीत कागद खाली पडतात. सोन्याच्या दुकानाचा एक, मोबाईलचा एक आणि हमखास एक-दोन नांदेडच्या गाड्यांच्या शोरूमचे. कार, मोटारसायकल, ट्रॅक्टर, जे म्हणाल ते. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'महाउत्सव ऑफर', एक्स्चेंज बोनस, चांदीचं नाणं, मोफत अॅक्सेसरीज, 'फक्त एवढ्या डाऊन पेमेंटमध्ये गाडी घरी न्या' आणि सगळ्यात खाली मुंगीच्या अक्षरात 'अटी लागू'. कागद उलटा केला की मागे 'आमचा परिवार'. शोरूममध्ये झालेलं रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार, मोफत गाडी तपासणी शिबिर आणि नवीन गाडीला हार घालून उभ्या असलेल्या कुटुंबांचे फोटो.

बहुतेक लोक पुढची बाजू वाचतात, मागची बाजू कौतुकाने बघतात आणि कागद भाकरीखाली घालतात. माझं म्हणणं असं की, हा कागद आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी नीट वाचायला पाहिजे. कारण आपल्या भागात घराच्या आणि लग्नाच्या खालोखाल सगळ्यात मोठं कर्ज कशाचं असेल तर ते चाकांचं. आणि ते कर्ज ठरतं ते या कागदापासून.

आधी एक प्रश्न. ऑफर नेमकी कोण देतं? आणि का देतं?

उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही, आपल्या मुदखेडचा फूलबाजार पुरेसा आहे. या तालुक्यात फुलांची शेती जुनी. गुलाब, मोगरा, काकडा आणि सणाला झेंडू. दसऱ्याच्या दिवशी शोरूममधल्या गाडीच्या बोनेटवर जो हार चढतो, त्यातला झेंडू कदाचित इथलाच असेल. आता गंमत बघा. सकाळी झेंडूचा भाव चढा असतो. दुपारी उतरतो. संध्याकाळी विक्रेता म्हणतो, "घ्या हो मावशी, काय द्यायचं ते द्या." ही झाली ऑफर! ती त्याने मनाच्या मोठेपणाने दिलेली नसते. उद्या त्या फुलाला कोणी विचारणार नाही, म्हणून दिलेली असते.

गाडीचंही तसंच आहे, फक्त ती सुकायला थोडा जास्त वेळ लागतो. डीलर कंपनीकडून गाड्या घेतो त्या बहुतेक वेळा बँकेच्या पैशावर. गाडी यार्डात उभी राहिली की त्यावर रोज व्याज चढतं. शिवाय कंपनीने दिलेलं महिन्याचं, तिमाहीचं टार्गेट असतं. ते गाठलं तर डीलरला कंपनीकडून पैसे मिळतात, हुकलं तर नाही. आणि ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता यार्डातल्या प्रत्येक गाडीचं वय एका रात्रीत एक वर्षाने वाढतं, कारण आरसी बुकावर गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी तयार झाली ते लिहिलेलं असतं. पुढे विकताना तेच वर्ष बघितलं जातं. म्हणून डिसेंबरची सूट दसऱ्यापेक्षा बरेचदा मोठी असते. म्हणून पितृपक्षात, जेव्हा कोणी गाडी घरी न्यायला तयार नसतं, तेव्हा 'आत्ता बुक करा, घटस्थापनेला न्या' अशी योजना निघते. आणि साडेतीन मुहूर्तांना, म्हणजे गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीचा पाडवा या दिवशी गिऱ्हाईक आपणहून दारात येतं. तेव्हा रोख सूट कमी आणि नाणी, सीटकव्हर, पेढे जास्त!

सांगायचं ते एवढंच, की सूट मुहूर्तामुळे येत नाही. विकणाऱ्याची गरज जेव्हा घेणाऱ्याच्या गरजेपेक्षा जास्त असते तेव्हा ती येते. आपल्या वडिलांच्या पिढीने याचं उलटं रूप पाहिलंय. बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. १९८५ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, वाळूजला, बजाजचा कारखाना सुरू झाला त्या काळातही लोक लवकर गाडी मिळावी म्हणून वर 'ऑन'चे पैसे मोजायचे. म्हणजे तेव्हा ऑफर गिऱ्हाईक द्यायचं! १९९१ नंतर कंपन्या वाढल्या, गाड्या वाढल्या आणि पारडं फिरलं. दुकानदार बदलला नाही, गरज कोणाची ते बदललं.

आता कागदाची पुढची बाजू जरा गणित घालून वाचू.

समजा, कर्ज ६ लाख, मुदत ५ वर्षं, व्याज 'फक्त ८ टक्के'. सेल्समन म्हणतो, "काका, तुम्ही व्याजाचं टेन्शन घेऊ नका, फक्त ईएमआय बघा. १४ हजार!" आता हा ८ टक्के 'फ्लॅट' आहे की 'रिड्युसिंग', हे काकांना कोणी सांगत नाही. फ्लॅट म्हणजे पाचही वर्षं पूर्ण ६ लाखांवर व्याज, जणू काही मधले हप्ते तुम्ही भरलेच नाहीत. व्याज २ लाख ४० हजार, एकूण ८ लाख ४० हजार, भागिले ६० म्हणजे बरोबर १४ हजार. पण खरोखर शिल्लक रकमेवर ८ टक्के लावले तर हप्ता येतो १२ हजार १६६ रुपये. महिन्याला १,८०० च्या वर फरक, पाच वर्षांत सुमारे १ लाख १० हजार. १४ हजारांच्या हप्त्याचा खरा दर काढला तर तो १४ टक्क्यांच्या आसपास निघतो. मॅथ्सच्या पेपरला 'इटरेशन'ची पद्धत घोकून लिहिणारे आपण. ती इथे लावायची कोणाला सुचलंय का?

दुसरं, 'शून्य टक्के व्याज'. एक लाखाची मोटारसायकल, रोखीने घेतली तर ६ हजार सूट. हप्त्याने घेतली तर सूट नाही, पण १२ महिने बिनव्याजी. म्हणजे खरी किंमत ९४ हजार आणि तुम्ही भरणार १ लाख. ते वरचे ६ हजार म्हणजे व्याजच की! दर काढा, साडेअकरा टक्क्यांच्या जवळपास येतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की असं 'शून्य टक्के' दाखवून व्याज दुसरीकडे लपवू नका. व्याज लपतं ते गणितात नाही, शब्दात.

तिसरं, 'मोफत हेल्मेट'. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १३८ मध्ये, दुचाकी विकताना भारतीय मानकाचं हेल्मेट द्यायचं असं आधीपासून लिहिलेलं आहे. जे द्यायलाच पाहिजे ते 'भेट' म्हणून दिलं जातं आणि आपण 'थँक्यू' म्हणून घेतो!

चौथं, इन्शुरन्स. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला ३ वर्षांचा आणि दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पण तो शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती कुठेच नाही. बाहेरचा भाव विचारून या, आणि मग शोरूममध्ये नुसतं "बाहेर एवढ्यात मिळायलाय" म्हणून बघा. आकडा खाली सरकायची शक्यता बरीच असते.

आणि पाचवं, सगळ्यात मोठं उदाहरण २०२५ चं. २२ सप्टेंबर २०२५ ला, बरोबर घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. छोट्या पेट्रोल कारवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस होता, तो १८ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टर १२ वरून ५ टक्क्यांवर. कर सोडून ५ लाखांची कार धरली तर ६ लाख ४५ हजारांची गाडी ५ लाख ९० हजारांवर आली, ५५ हजार वाचले. ७ लाखांच्या ट्रॅक्टरवर ४९ हजार. चांगलंच झालं, त्यात वाद नाही. पण ही करातली कपात होती, दुकानाची सूट नव्हे. तिला फुलांची महिरप काढून 'उत्सवाची भेट' म्हटलं की साधा माणूस समजतो, सूट मिळाली, आता आणखी काय मागायचं? ती ५५ हजारांची कपात बाजूला ठेवून 'आता तुमची सूट किती?' असा प्रश्न विचारायला हवा होता.

त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात काय चाललं होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. अतिवृष्टी. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात. ७ ऑक्टोबरला सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. एकीकडे शेतात कुजलेल्या शेंगा आणि दुसरीकडे पेपरातून पडणारे रंगीत कागद, अशी ती दिवाळी होती. सोयाबीनचा त्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. वर सांगितलेले ५५ हजार म्हणजे हमीभावाने दहा क्विंटलच्या वर सोयाबीन, तोही भाव हातात पडला तर! आपल्याकडे ऑफरचा कॅलेंडर सणाचा दिसतो, पण खरा तो पिकाचा असतो. दसरा-दिवाळीला सोयाबीनचा पैसा, पुढे उसाचं बिल, पाडव्यानंतर हळद. शोरूमला हे आपल्यापेक्षा जास्त पाठ आहे. पैसा येणार म्हणून कागद येतो. पण पीक गेलं म्हणून कागद थांबत नाही, फक्त डाऊन पेमेंटचा आकडा लहान होतो. "सगळे घ्यायलेत, आपणच राहिलो" असं वाटायला लावणं हेच त्याचं काम. ऋण काढून सण करू नये असं म्हणणारी माणसं आपल्याच घरात होती. आता ऋण हाच सण झालाय.

इथे कोणी म्हणेल, "अहो, धंदा आहे तो. त्यांनी काय धर्मादाय गाडी वाटायची का?" बरोबर आहे. शोरूमला शिव्या द्यायला हा लेख नाही. आपल्याच कॉलेजचे, आपल्याच गावचे डिप्लोमावाले, आयटीआयवाले मित्र तिथे सर्व्हिस अॅडव्हायझर आणि सेल्समध्ये आहेत. महिनाअखेरीला टार्गेट नाही झालं तर त्यांच्या पोटात गोळा येतो. त्या रक्तदान शिबिरातलं रक्तही खरंच असतं, ते कोणाच्या तरी उपयोगी पडतंच. गुणवंतांच्या सत्कारात आपल्यातल्या कोणाच्या तरी बहिणीला ट्रॉफी मिळालेली असते.

माझा मुद्दा वेगळा आहे. 'परिवार' हा शब्द भाव करताना फार महाग पडतो! घरच्या माणसाला कोणी व्याजाचा दर विचारतं का? चहा येतो, पेढा येतो, 'काका-मावशी' होते, मुलीच्या हातात किल्ली देऊन फोटो निघतो, आणि अशा वेळी 'हँडलिंग चार्जेस म्हणजे काय?' हे विचारायला वडिलांना लाज वाटते. मागच्या बाजूच्या फोटोंमुळे पुढच्या बाजूचे प्रश्न विचारले जात नाहीत. आणि ज्याला परिवार म्हणतात, त्या परिवाराची माणसं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. प्रत्येकजण एकटाच शोरूममध्ये जातो, एकटाच भाव करतो आणि घरी येऊन शेजाऱ्याला खरा आकडा सांगत नाही.

खरा 'परिवार' काय करू शकतो, याचं उदाहरण आपल्याच मराठवाड्यात आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये, दसऱ्याच्या तोंडावर, तेव्हाच्या औरंगाबादमध्ये (आताचं छत्रपती संभाजीनगर) उद्योजक आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन गट केला आणि एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी. देशभर बातमी झाली. लोकांनी कौतुक केलं ते गाड्यांचं. पण त्यातली खरी गोष्ट गाडी नव्हती, गट होता. दीडशे जण एकत्र आले म्हणून कंपनीने सूट दिली, आणि स्टेट बँकेने साधारण दोन तृतीयांश रकमेचं कर्ज ७ टक्के व्याजाने दिलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये लिहून दाखवलं की याच भागातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जासाठी याच्यापेक्षा कितीतरी जास्त व्याज भरावं लागत होतं. चैनीच्या गाडीला स्वस्त पैसा आणि पोट भरणाऱ्या गाडीला महाग पैसा!

यावर दोन प्रकारे बोलता येतं. एक, राग. तो रास्तच आहे. पण दुसरं, त्यातून शिकणं. त्या दीडशे जणांकडे पैसा होता हे खरं, पण सूट त्यांना नुसती पैशामुळे मिळाली नाही. एकेकटा गेला असता तर त्यालाही चांदीचं नाणंच मिळालं असतं. मग मुदखेड, भोकर, उमरी, अर्धापूरच्या पंधरा-वीस जणांना या दसऱ्याला मोटारसायकल घ्यायचीय, पाच जणांना ट्रॅक्टर घ्यायचाय, तर ते एकत्र का जाऊ नयेत? एकाच मॉडेलच्या वीस गाड्या म्हणजे सेल्समनचं महिन्याचं टार्गेट एका दुपारी! नांदेड पंचवीसेक किलोमीटर. एक पॅसेंजर गाडी पकडली की सगळे शोरूमच्या दारात. भाव करायला तिथे 'परिवार' म्हणून जाऊ या, फोटो काढायला नको.

आणि यात आपल्याला काम आहे. गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो आपल्याला पाठ असतो, पण घरात गाडी घेताना आपलं मत विचारलं जातं ते फक्त रंगासाठी. हे बदलायला हवं. मला सुचतात त्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, घरातलं कोणीही गाडी घेत असेल तर शोरूमकडून ऑन-रोड किंमत एका कागदावर, ओळीओळीने लिहून मागा. एक्स-शोरूम, नोंदणी कर, इन्शुरन्स, अॅक्सेसरीज, आणि बाकी जे काही असेल ते. ज्या ओळीचा अर्थ सांगता येत नाही, ती ओळ काढायला सांगा.

दुसरी, कर्जाच्या सहीआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो की फायनान्स कंपनी, वैयक्तिक कर्ज देताना हा कागद देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो, आणि तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. म्हणजे मराठीत मागायचा आपला हक्क आहे. फ्लॅट-रिड्युसिंगचं सगळं भांडण त्या एका आकड्यात मिटतं.

तिसरी, गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते पैसे भरण्याआधी बघा, नंतर आरसी आल्यावर नाही. यार्डात आठ महिने उन्हात उभी राहिलेली गाडी आणि मागच्या आठवड्यात आलेली गाडी, दोन्हींचा भाव एकच असेल तर ती ऑफर कसली?

चौथी, आपल्या कॉलेजकडून. दरवर्षी आपण टेक-फेस्टला स्पॉन्सरशिप मागायला याच शोरूममध्ये जातो, बॅनर लावतो. यावर्षी बॅनरबरोबर एक अट घालू या. दसऱ्याच्या आधीच्या आठवडी बाजारात दोन टेबल आणि एक लॅपटॉप घेऊन बसायचं. ज्याला कोटेशन आणायचंय त्याने आणावं, आपण खरा व्याजदर काढून देऊ. पाच मिनिटांचं काम आहे. एनएसएसचे तासही भरतील!

आणि शोरूमवाल्यांनाही एक विनंती. कागदाची मागची बाजू चालू ठेवा, पण त्यात ग्राहकाच्या कामाची बातमी द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उसाचा हंगाम सुरू होतो. रात्री रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. ट्रॅक्टरच्या शोरूमने चांदीच्या नाण्याऐवजी प्रत्येक ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर पट्टी लावून दिली आणि तो फोटो मागच्या बाजूला छापला, तर त्या फोटोला आम्ही मनापासून टाळ्या वाजवू. सर्व्हिसिंगचे दर छापा, कोणते पार्ट किती किलोमीटरला बदलायचे ते छापा, विम्याचा क्लेम कसा करायचा ते छापा. कागद गुळगुळीत नसला तरी चालेल. असा कागद कोणी भाकरीखाली घालणार नाही, खिळ्याला लावून ठेवेल.

गाडी घेऊ नका असं मी म्हणत नाही. एसटीची वाट बघून कंटाळलेल्या माणसाला गाडीची किंमत कळते, आणि फुलं पहाटे बाजारात पोचवायची तर चाकं लागतातच. दसऱ्याला गाडी घरी आली, आईने ओवाळलं, की कोणालाही आनंदच होतो. फक्त तो आनंद पुढचे साठ महिने टिकावा एवढीच इच्छा. तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी पेपर झटकल्यावर तो कागद पडला की फेकू नका. पेन घ्या, मुंगीच्या अक्षरातल्या 'अटी लागू'पासून वाचायला सुरुवात करा, आणि वडिलांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा.